देवनागरी फाइलनावे आणि अपाचेचे लोकेल : वडोदऱ्यातील एका ग्रंथसंग्रहाचे प्रकरण

वडोदऱ्याच्या दांडिया बाजार भागातील एका जुन्या मराठी वाचनालयाने, लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षांची स्वामित्वहक्काची मुदत उलटून गेलेली आपली पुस्तके आणि नियतकालिके स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवण्याचे ठरवले. काम शहरातल्याच दोन तरुण विकसकांकडे आले. त्यांनी पायथन भाषेतील जँगो हे फ्रेमवर्क निवडले, पोस्टग्रेस हा डेटाबेस घेतला, आणि आपापल्या लॅपटॉपवर सूची, शोध, पुस्तक चढवणे व उतरवून घेणे या सगळ्या सोयी व्यवस्थित चालवून दाखवल्या. वाचनालयाचे आधीचे माहितीपर स्थळ पीएचपीमध्ये होते आणि ते उबुंटू चालवणाऱ्या भाड्याच्या सर्व्हरवर अपाचे या वेब सर्व्हरमधून चालत असे. नवे स्थळ त्याच अपाचेखाली, मॉड-डब्ल्यूएसजीआय या जोडणीतून चालवावे असे ठरले, आणि त्या टप्प्यावर मला या कामात बोलावण्यात आले.

स्थळ उभे राहिले, मुखपृष्ठ दिसू लागले, सूचीतील मराठी शीर्षके अचूक उमटली, देवनागरी शब्द असलेले पत्तेही उघडू लागले. इंग्रजी नावाची पीडीएफ चढवली तर ती चढत होती. मात्र ‘मराठी कविता’ अशा नावाची फाइल चढवताच ५०० क्रमांकाची त्रुटी येई. लॅपटॉपवर तीच फाइल विनातक्रार चढत होती, त्यामुळे विकसकांचा पहिला संशय परवानग्यांवर गेला. तो चुकीचा होता, कारण इंग्रजी नावाच्या फाइली त्याच फोल्डरमध्ये, त्याच वापरकर्त्याच्या हक्काने लिहिल्या जात होत्या.

कारण शोधायला अपाचेची त्रुटीनोंद उघडली, तर तिच्यात काहीच नव्हते. जँगोची उपजत व्यवस्था अशी आहे की डीबग, म्हणजे विकसन करताना त्रुटीचा तपशील दाखवण्याची सोय, बंद केल्यावर विनंतीदरम्यान उद्भवलेली त्रुटी पडद्यावर किंवा नोंदवहीत न जाता व्यवस्थापकांच्या ई-मेलवर पाठवली जाते, आणि व्यवस्थापकांची यादी रिकामी असेल तर ती कुठेच जात नाही. लॅपटॉपवर डीबग चालू असल्याने हा प्रश्न कधी उद्भवलाच नव्हता. म्हणून पहिली दुरुस्ती मूळ दोषाची नव्हती, नोंदीची होती: जँगोच्या मांडणीत त्रुटी प्रमाणित त्रुटीप्रवाहात सोडणारा हँडलर जोडला, म्हणजे मॉड-डब्ल्यूएसजीआय त्या अपाचेच्या नोंदीत नेऊन टाकू लागले. नवे स्थळ सर्व्हरवर नेताना ही गोष्ट सगळ्यात आधी करावी असे माझे मत आहे. बाकी सारी चिकित्सा तिच्यावर उभी राहते.

आता नोंदीत स्पष्ट ओळ आली: ‘युनिकोडएन्कोडएरर’, म्हणजे ‘अ‍ॅस्की’ या इंग्रजीपुरत्या संकेतनाला (अक्षरांचे बाइट करण्याच्या पद्धतीला) ही अक्षरे लिहिता येत नाहीत, कारण ती पहिल्या १२८ संकेतांकांत बसत नाहीत. इथे दोघांचा गोंधळ आणखी वाढला. सूची मराठीत दिसते, पत्ते मराठीत चालतात, डेटाबेस मराठीत साठवतो, आणि तरीही यंत्रणा अ‍ॅस्कीत काम करते आहे, हे कसे?

याचे उत्तर असे की वेब अनुप्रयोगात मजकूर एकाच वाटेने ये-जा करत नाही. ब्राउझरकडे जाणारे पान जँगो स्वतः यूटीएफ-८ या सर्व लिप्यांना चालणाऱ्या संकेतनात लिहितो आणि तसे उत्तराच्या हेडरमध्येही सांगतो. त्यात सर्व्हरच्या भाषिक मांडणीचा, म्हणजे लोकेलचा, संबंध येत नाही. पत्त्यातील देवनागरी अक्षरे टक्केचिन्हांच्या रूपात येतात. वेब सर्व्हर आणि पायथन अनुप्रयोग यांच्यातील डब्ल्यूएसजीआय हा करार २००३ मध्ये पीईपी (पायथनमधील सुधारणेचा प्रस्ताव) ३३३ म्हणून मांडला गेला आणि पायथन ३ साठी २०१० मध्ये पीईपी ३३३३ म्हणून सुधारला गेला. त्या करारानुसार पत्त्याचे बाइट लॅटिन-१ समजून मजकुरात रूपांतरित होऊन अनुप्रयोगाच्या हाती पडतात आणि जँगो ते उलटे फिरवून यूटीएफ-८ म्हणून वाचतो. हेही लोकेलवर अवलंबून नाही. डेटाबेसशी बोलताना संकेतन जोडणीच्या वेळीच ठरते. उरते ती चौथी वाट, फाइलप्रणालीची. लिनक्सच्या दृष्टीने फाइलचे नाव म्हणजे नुसती बाइटांची ओळ असते. तेव्हा मजकुराचे बाइट कोणत्या संकेतनाने करायचे हे पायथनला ठरवावे लागते, आणि ते तो सुरू होतानाच, ज्या प्रक्रियेत तो जन्मला तिच्या लोकेलवरून ठरवतो. पहिल्या तीन वाटा निर्धोक चालत असल्यामुळेच चौथीकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

डेबियन आणि उबुंटूमध्ये अपाचेचा परिसर, म्हणजे त्याच्या प्रक्रियेला मिळणारी चले, ‘एन्व्हव्हार्स’ नावाच्या एका छोट्या फाइलीत ठरतो, आणि तिच्यात ‘लँग’ या चलाची किंमत मुद्दाम ‘सी’ (कोणत्याही भाषेचे नसलेले मूळ लोकेल) अशी ठेवलेली असते. प्रणालीचे नेहमीचे लोकेल हवे असेल तर खालची एक ओळ सुरू करा, अशी टीपही तिथेच असते, पण ती वाचतो कोण? उलट एसएसएचने, म्हणजे दुरून, सर्व्हरवर शिरल्यावर शेलला (आदेश टंकण्याच्या खिडकीला) यूटीएफ-८ लोकेल मिळत होते. त्यामुळे विकसकांनी शेलमधून ‘मॅनेज-पाय’ ही जँगोची आदेशफाइल चालवून केलेली प्रत्येक चाचणी उत्तीर्ण होत होती. ती चाचणी खोटी नव्हती. ती दुसऱ्याच परिसराची होती, एवढेच.

तात्पुरते एक पान लिहून त्यावर पाच-सहा गोष्टी छापल्या: फाइलप्रणालीचे संकेतन, ‘लँग’ व ‘एलसी-ऑल’ या चलांच्या किमती, प्रक्रियेचा वापरकर्ता, चालू निर्देशिका, पायथनची आवृत्ती आणि त्याचा मार्ग. तीच यादी शेलमधूनही छापली आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. शेलमध्ये यूटीएफ-८, अपाचेत अ‍ॅस्की. शेलमध्ये निर्देशिका प्रकल्पाची, अपाचेत मूळ निर्देशिका. म्हणजे सापेक्ष मार्गाने उघडलेली एखादी मांडणीची फाइल असती तर तीही सापडली नसती. वापरकर्ताही अर्थातच वेगळा. फ्रेमवर्क आणि सर्व्हर यांची सांगड घालताना जो काही त्रास होतो, त्याचा फार मोठा भाग या दोन कागदांतील फरकात सापडतो, असा माझा अनुभव आहे.

या एकाच कारणाचे दुसरे रूप त्याच सुमारास समोर आले आणि ते अधिक फसवे होते. शेलमधून चालवलेल्या आयात आदेशाने काही देवनागरी नावांच्या फाइली आधीच सर्व्हरवर नीट ठेवल्या होत्या. व्यवस्थापकांसाठीचे एक पान त्या फोल्डरची यादी दाखवणार होते, पण ते उघडताच निराळीच त्रुटी येई: यावेळी तक्रार अ‍ॅस्कीची नसून यूटीएफ-८ ची होती, आणि मजकुरात ‘सरोगेट’ चालत नाहीत असे ती सांगत होती. याचा उलगडा पीईपी ३८३ मध्ये आहे, जो पायथनच्या ३.१ आवृत्तीपासून लागू झाला. फाइलच्या नावातील एखादा बाइट ठरलेल्या संकेतनात बसत नसेल, तर पायथन त्रुटी न देता त्या बाइटच्या जागी एक राखीव खूण, म्हणजेच सरोगेट, ठेवतो, म्हणजे नाव परत लिहिताना मूळ बाइट जसेच्या तसे मिळतात. अ‍ॅस्की मानणाऱ्या प्रक्रियेला देवनागरी नावातील प्रत्येक बाइट अनोळखी, म्हणून संपूर्ण नाव अशा खुणांचे बनले. फाइल उघडायला ते नाव चालत होते. पानावर छापायला मात्र चालत नव्हते, कारण त्या खुणा यूटीएफ-८ मध्ये लिहिता येत नाहीत. लिहिताना एक त्रुटी, वाचताना दुसरी, त्यांची नावेही वेगळी. विकसकांनी त्यांची दोन स्वतंत्र दोष म्हणून नोंद केली होती, आणि दुसऱ्यासाठी छापण्यापूर्वी नाव ‘स्वच्छ’ करणारे एक फंक्शनही लिहून तयार ठेवले होते. ते काढून टाकले.

उपायांपैकी दोन सर्वांत आधी सुचतात आणि दोन्ही लागू पडत नाहीत. डब्ल्यूएसजीआयच्या प्रवेशफाइलीत पायथनमधूनच ‘लँग’ची किंमत बदलली, तर उशीर झालेला असतो, फाइलप्रणालीचे संकेतन पायथनचा दुभाषा (इंटरप्रिटर) सुरू होतानाच पक्के होते. अपाचेच्या मांडणीत ‘सेटएन्व्ह’ लिहिले, तर ती किंमत प्रत्येक विनंतीसोबत अनुप्रयोगाला दिल्या जाणाऱ्या कोशात जाते, प्रक्रियेच्या परिसरात जात नाही. हा दुसरा गैरसमज फार रुळलेला आहे, आणि गुप्त किल्ल्या किंवा डेटाबेसचा सांकेतिक शब्द ‘सेटएन्व्ह’ने देऊ पाहणारेही याच जागी अडकतात.

खरे पर्याय दोन होते. ‘एन्व्हव्हार्स’मधील ती ओळ सुरू करणे हा पहिला. पण त्याने सबंध अपाचेचे लोकेल बदलले असते, आणि शेजारच्या जुन्या पीएचपी स्थळातले काहीच ‘सी’ लोकेलवर विसंबलेले नाही असे छातीठोकपणे सांगणारा कोणी उरलेला नव्हता. दुसरा पर्याय मॉड-डब्ल्यूएसजीआयच्या डेमन पद्धतीचा. तीत अनुप्रयोग स्वतंत्र प्रक्रियांत चालतो आणि ‘डब्ल्यूएसजीआय-डेमन-प्रोसेस’ या निर्देशात त्या प्रक्रियांपुरते ‘लँग’ व ‘लोकेल’ सांगता येतात. आम्ही हा निवडला आणि किंमत ‘सी.यूटीएफ-८’ ठेवली, कारण ती उबुंटूवर वेगळी तयार करावी लागत नाही. अकारविल्हे क्रमाची चिंता नव्हती. तो क्रम डेटाबेस आपल्या स्वतःच्या नियमाने लावत होता. त्याच निर्देशात ‘पायथन-होम’ने प्रकल्पाच्या आभासी परिसराचा मार्गही दिला. मॉड-डब्ल्यूएसजीआय ज्या पायथन आवृत्तीसाठी बांधलेले असते, आभासी परिसर त्याच आवृत्तीचा असावा लागतो; इथे तो होता.

बदल केला, अपाचे पुन्हा सुरू केले, आणि तपासणीच्या पानावर पुन्हा ‘अ‍ॅस्की’च! डेमन गट जाहीर केला होता, पण ‘डब्ल्यूएसजीआय-प्रोसेस-ग्रुप’ या निर्देशाने स्थळ त्या गटाकडे सोपवलेच नव्हते. असे झाले की अपाचे कुरकुर करत नाही. डेमन प्रक्रिया रिकाम्या बसून राहतात आणि अनुप्रयोग अपाचेच्याच प्रक्रियेत, जुन्या लोकेलसह चालतो. विनंतीच्या कोशातील ‘मॉड-डब्ल्यूएसजीआय.प्रोसेस-ग्रुप’ ही नोंद रिकामी असेल तर हे घडते आहे असे समजावे. एक ओळ वाढवली आणि संकेतन यूटीएफ-८ झाले.

एक शंका दोघांनी रास्त उपस्थित केली. रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आदेश चालवणाऱ्या सोयीतून) चालणारा त्यांचा सूचीचा आदेश देवनागरी नावे सुरळीत हाताळत होता, आणि क्रॉनचा परिसर तर अपाचेपेक्षाही तुटपुंजा असतो. मग तिथे त्रुटी का नाही? २०१८ मध्ये आलेल्या पायथन ३.७ पासून पायथनचा आदेश ‘सी’ लोकेलमध्ये सुरू झाल्याचे ओळखतो आणि आपणहून यूटीएफ-८ कडे वळतो. पीईपी ५३८ आणि ५४० ही त्याची दोन अंगे. पण पीईपी ५३८ ची सोय स्वतंत्रपणे चालवलेल्या पायथन आदेशालाच लागू होते. दुसऱ्या कार्यक्रमाच्या पोटात रुजवलेला पायथन, जसा तो अपाचेत असतो, लोकेलच्या बाबतीत यजमानाचे ऐकतो. गनिकॉर्नसारखा स्वतंत्र पायथन सर्व्हर वापरला असता तर हा दोष बहुधा दिसलाच नसता, हे मान्य आहे. तरीही केवळ यासाठी वाचनालयाला दोन वेब सर्व्हर सांभाळायला लावणे मला पटले नाही. परिसर लिहून स्पष्ट करणे हे दोन शब्दांचे काम होते.

हा बदल पुढे कोणी नकळत पुसू नये म्हणून पहारा ठेवायचा होता. विकसकांनी तो जँगोच्या ‘सिस्टिम चेक’ यंत्रणेत लिहिला. कल्पना चांगली, जागा चुकीची. त्या तपासण्या ‘मॅनेज-पाय’च्या आदेशांसोबत चालतात, डब्ल्यूएसजीआयमधून अनुप्रयोग सुरू होताना चालत नाहीत, म्हणजे त्या नेमक्या निर्दोष परिसरातच धावल्या असत्या. तपासणी डब्ल्यूएसजीआयच्या प्रवेशफाइलीत हलवली: संकेतन यूटीएफ-८ नसेल तर कारण सांगून तिथेच थांबायचे. स्थळ पूर्ण बंद पडणे हे अर्धवट चालण्यापेक्षा वाईट नाही का, असे विचारले गेले. ग्रंथसूचीच्या बाबतीत माझे उत्तर नाही असे आहे. बंद पडलेले स्थळ तासाभरात लक्षात येते. चढवताना निसटलेली पुस्तके सहा महिन्यांनी आठवतात.

इथे प्रकरण संपायला हवे होते. पण फाइली चढू लागल्यावर ग्रंथपाल बाईंनी फोल्डर पाहिला आणि म्हणाल्या, “अहो, हे ‘मरठ कवत’ काय आहे?”

हा दोष सर्व्हरचा नव्हता. जँगो चढवलेल्या फाइलचे नाव एका गाळणीतून नेतो, जी रिकाम्या जागांच्या अधोरेषा करते आणि शब्दाक्षरे, बिंदू व आडवी रेघ सोडून बाकी सारे काढून टाकते. ‘शब्दाक्षर’ म्हणजे काय हे पायथनची नियमित-अभिव्यक्ती यंत्रणा ठरवते, आणि तिच्या लेखी अक्षर, अंक व अधोरेषा तेवढी शब्दाक्षरे. देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण ही युनिकोडमध्ये अक्षरे नसून चिन्हे म्हणून वर्गीकृत आहेत, त्यामुळे ती सगळी गळतात. ‘मराठी’चे ‘मरठ’ होते, तसेच ‘मराठा’चेही. ‘बडोदे’ आणि ‘बडोदा’ दोन्ही ‘बडद’ होतात. एकाच नावाच्या दोन फाइली झाल्या की जँगो दुसरीच्या शेवटी काही यादृच्छिक अक्षरे जोडतो, त्यामुळे काही पुसले जात नाही, पण फोल्डर वाचण्याजोगा राहत नाही. लॅपटॉपवरही हे घडतच होते. ब्राउझरमधून उघडणाऱ्यांनी फोल्डर उघडून पाहिला नव्हता.

गाळणी बदलून मात्रा राखता आल्या असत्या, आणि विकसकांचा कल तिकडेच होता. मी विरोध केला. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेतांक ३ बाइट घेतो, मात्राही त्यात आल्या. नेहमीच्या एक्स्ट-४ फाइलप्रणालीत नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे, म्हणजे जेमतेम ८५ संकेतांक. एकोणिसाव्या शतकातील मराठी पुस्तकांची शीर्षके उपशीर्षकासह घेतली तर ती मर्यादा सहज ओलांडतात. जँगोच्या फाइल-रकान्याची उपजत मर्यादा मार्गासकट १०० अक्षरांची आहे, ती वाढवता येते. पण २५५ बाइटांची वाढवता येत नाही. म्हणून चकतीवर नाव म्हणजे वाचनालयाचा दाखल क्रमांक, तोही इंग्रजी अंकांत, आणि मराठी शीर्षक डेटाबेसमध्ये, असे मी सुचवले. सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून संस्थानातील ग्रंथालयांची घडी बसवायला लावली, त्या शहरातील वाचनालयात दाखल-नोंदवही चोख असावी यात नवल नाही. ती होती, आणि प्रत्येक प्रतीला अंक होता.

ग्रंथपाल बाईंचा आक्षेप मात्र वजनदार होता. “उद्या तुमचं सॉफ्टवेअर बंद पडलं, तर या नुसत्या आकड्यांवरून कोणतं पुस्तक कोणतं हे आम्ही कसं ओळखायचं?” यावर तंत्रज्ञ सहसा ‘बॅकअप आहे’ एवढे सांगून मोकळे होतात, आणि ते उत्तर अपुरे असते. क्रॉनमधील सूचीच्या आदेशाला आणखी एक काम दिले: दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक आणि प्रकाशनवर्ष यांची साधी तक्ताफाइल रोज त्याच फोल्डरमध्ये नव्याने लिहायची, तिचे संकेतन आदेशात स्पष्ट नोंदवायचे, आणि एक्सेलमध्ये मराठी नीट उघडावी म्हणून यूटीएफ-८ ओळखू येणारी सुरुवातीची खूणही ठेवायची. वाचक पुस्तक उतरवून घेतो तेव्हा जँगोचा ‘फाइलरिस्पॉन्स’ मराठी शीर्षक यूटीएफ-८ मध्ये टक्केचिन्हांसह उत्तराच्या हेडरमध्ये पाठवतो, त्यामुळे वाचकाच्या संगणकावर फाइल पूर्ण मराठी नावानेच उतरते. त्यावर बाईंचे समाधान झाले.

शेवटचा गुंता सामूहिक आयातीत निघाला. स्कॅन केलेल्या फाइली एका जुन्या मॅकच्या चकतीवरून आल्या होत्या आणि त्यांना शीर्षकाचीच नावे होती. नोंदवही विंडोजवर टंकलेली होती. आयात आदेश दोन्हींची जुळणी शीर्षकावरून करत होता. बहुतेक पुस्तके जुळली. उरलेल्या ढिगात बहुतेक सगळ्या शीर्षकांत ‘वडोदऱ्यातील’, ‘शेतकऱ्यांची’ असे शब्द होते. ‘ऱ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःचा संकेतांक आहे, आणि त्याचे ‘र’ अधिक नुक्ता असे विघटित रूपही त्याच्याशी समतुल्य मानले जाते. जुनी एचएफएस-प्लस फाइलप्रणाली नावे विघटित रूपात साठवते, लिनक्सची फाइलप्रणाली आलेले बाइट तसेच ठेवते, त्यामुळे दिसायला एकच असलेली दोन नावे बाइटांत वेगळी निघाली. दोन्ही बाजूंना एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे विघटित अक्षरे एकसंध रूपात आणणारा युनिकोडचा नियम, लावल्यावर यातील बरीच जुळली.

सगळी नाही. नोंदवहीचा काही भाग दुसऱ्या स्वयंसेवकाने टंकला होता आणि त्याच्या कळफलकातून अर्धा ऱ हा ‘र’, पायमोड आणि शून्य-रुंदीचा जोडक अशा तिघांनी मिळून उमटत होता. छापल्यावर तोही तसाच दिसतो, पण युनिकोड या रूपाला ‘ऱ’शी समतुल्य मानत नाही, म्हणून कोणतेही प्रमाणित सामान्यीकरण ते बदलत नाही. त्यासाठी स्वतंत्र नियम लिहिला, आणि तोच नियम शीर्षक साठवताना तसेच शोधखिडकीतील शब्द डेटाबेसकडे पाठवण्याआधी लावला. त्यानंतरही जुळणीबाहेर राहिलेली मोजकी पुस्तके टंकनदोषांची होती. ती बाईंनी मूळ प्रत हातात घेऊन, दाखल क्रमांकावरून जोडली.